पेटी ठेवून जा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक पेटी माळ्यावर टाकली. पत्र्याची हिरवी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव-गाव घातलेली. पेठच्या बाजूची एक पोर ती डोक्यावर घेऊन सकाळच्या एस.टी.नं आली होती. बारावी पास झालेली, कॉलेजात नाव घालायला. आमच्या दोन खोल्यांत खाली जागा नव्हती, म्हणून पेटी वर टाकायची ठरली. एक कडी मी धरली, एक बायकोनं. मी उंच, ती बुटकी, त्यामुळं सगळं वजन तिच्या अंगावर कललं.

"वाकून धर की," ती म्हणाली. "का रिटायर करताना नगरपालिकेनं पाठपण जमा करून घेतली?"

"तूच डब्यावर चढ."

"चढले असते. डबा तुझ्याच पायाखाली हाय."

पोर तोंडाला ओढणी लावून हसत होती. पेटी वर गेली. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि पोरीला सांगितलं, "उद्या सरकारी पैशाच्या अर्जाचा शेवटचा दिवस हाय. हापीस साडेदहाला उघडतं. आपण दहालाच दारात बसू." मग ती भाकरी करायला बसली. लागतात त्यापेक्षा जास्तच केल्या, रोजच्यासारख्या.

दिवेलागणीला म्हणाली, छातीत घास अडकल्यावानी होतंय. मी म्हणालो, पाणी पी. जन्मभर मी पाणीपुरवठ्यात चाव्या फिरवल्या, अर्ध्या गंगापूर रोडला पहाटे पाणी सोडायचो. घरच्या माठातून तांब्या भरून आणला तोवर ती गेलेली होती.

आता ती कशी होती ते सांगतो. चांगलंच सांगेन असं नाही.

आम्ही दोघंही पेठच्या पलीकडचे, डोंगरातले. मला नगरपालिकेत काम लागलं आणि आम्ही नाशिकला आलो. तिला सरकारी वसतिगृहात भाकरी करायचं काम मिळालं. डोंगराकडची पोरं तिथं राहून शिकायची. आमच्यात बाई नवऱ्याला अरे-तुरे करते, ती मला 'चावीवाल्या' म्हणायची. चिडली की नुसतं 'ए पाणी'.

मोजणं तिला आवडायचं नाही. वसतिगृहाचे साहेब विचारायचे, "बाई, भाकरी किती झाल्या?" ती सांगायची, "पुरतील." "पण किती?" "जेवून उठले की कळंल." एकदा घरी खानेसुमारीवाला मास्तर आला. त्यानं विचारलं, घरात माणसं किती? ती म्हणाली, "आत्ता का जेवायच्या टायमाला?" मास्तर बिचारा पेन्सिल धरून उभा. शेवटी मी पुढं होऊन तीन सांगितलं, ती, मी आणि मुलगा. रात्री जेवताना मला म्हणाली, "मोजलीस ना? आता पुरवून दाखव."

दुसरी खोड नावाची. कुठल्याही पोराला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. गावानं मारायची. ए हरसूल, ए बोरगाव, ए उंबरठाण, ताट धू. एका गावचे दोघे असले की थोरला हरसूल, धाकटा हरसूल. मी म्हणालो, त्यांना नावं आहेत. ती म्हणाली, "नाव आईबापासाठी. गावाची हाक मारली म्हणजे कुठून आलो ते ध्यानात राहतं." आमच्या मुलाला मात्र गाव नव्हतं, तो नाशिकात जन्मला. त्याला ती नुसतं "आरं" म्हणायची. त्याला ते लहानपणापासून टोचायचं. मला नंतर कळलं.

कॉलेजात जाणाऱ्या डोंगरातल्या पोरांना सरकार पैसे द्यायचं. फी माफ, वर महिन्याला खायला-राहायला. कागदावर फार चांगलं होतं. पण अर्ज भरायचा पावसाळ्यात, आणि त्यावर आईचा नाहीतर बापाचा अंगठा पाहिजे. पावसाळ्यात आमच्याकडं आवणी असते, म्हणजे भाताचं रोप उपटून चिखलात लावायचं. चार दिवस चुकले की रोप म्हातारं होतं, वर्ष जातं. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस मूठभर रोप टाकून नाशिकला अंगठा द्यायला कसा येणार? ज्यानं ती तारीख ठरवली त्यानं भात ताटातच बघितला असणार. पोरं येऊन हापिसाच्या दारात उभी राहायची आणि तारीख निघून गेली की परत जायची.

बायकोला हे एका वर्षी कळलं आणि तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरात मला वेळेवर जेवण मिळालं नाही.

तिची रीत ठरलेली होती. चपला हापिसाच्या बाहेर काढायच्या. हापीस कुठलंही असो, बँक असो, पोस्ट असो, चपला बाहेर. आत जाऊन थेट कारकुनाच्या टेबलासमोर जमिनीवर बसायचं. बाकडं असलं तरी जमिनीवर. मी एकदा विचारलं, हे काय सोंग? ती म्हणाली, "उभ्या माणसाला जा म्हणता येतं. बसलेल्याला आधी उठवावं लागतं. आन बाईमाणसाला हात लावून कोण उठवील?"

कारकून एक वाळका, तंबाखू खाणारा माणूस होता. तो टेबलावरून वाकून बघायचा.

"बाई, तुम्ही परत आलात?"

"गेलेच कुठं होते."

"आज काय?"

"हा उंबरठाण. ह्याची आय आवणीत हाय. माझा अंगठा घ्या."

"तुम्ही कोण याच्या?"

"मावशी."

पुढच्या पोराची ती आत्या, त्याच्या पुढच्याची मामी. कारकुनाला सगळं कळायचं. पण ती भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून तिथंच खायला बसायची आणि अर्धी त्याच्या टेबलावर ठेवायची. नागलीची काळी भाकरी, त्याच्या घरच्यांनी कधी पाहिली नसेल. आधी तो नको म्हणायचा. दोन पावसाळे गेल्यावर तिला यायला उशीर झाला तर तो शिपायाला विचारायचा, भाकरीवाली बाई आली का.

सरकारबद्दल तिचं मत माझ्यावरून बनलेलं होतं. ती पोरांना सांगायची, "सरकार आमच्या चावीवाल्यासारखं हाय. देतं, नाय म्हणत नाय. पण हलवून उठवल्याबिगर देत नाय." पोरं माझ्याकडं बघून हसायची. मी रोज पहाटे अख्ख्या शहराच्या आधी उठायचो, ते कुणी सांगत नव्हतं.

आता पेट्यांचं सांगतो.

पावसाळ्यात अर्ज केलेले पैसे यायचे शिमग्याच्या सुमाराला. आमच्या डोंगरात शिमगा म्हणजे मोठा सण. पोरांच्या हातात एकदम रक्कम पडायची आणि सगळी पेठच्या गाडीत बसायची. त्यातली काही परत यायची नाहीत. कुणी लग्न करायचं, कुणी द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडं मजुरीला जायचं, कुणी नुसतंच घरी बसायचं. परीक्षेला बाकडी रिकामी.

ती शिमग्याच्या आधी बसस्टँडवर जाऊन उभी राहायला लागली. पोरांकडं बघायची नाही, सामानाकडं बघायची. ज्याच्याजवळ पिशवी, तो परत येणार. ज्याच्याजवळ पेटी, तो गेला.

"ए सुरगाणा, पेटी कुठं चालली?"

"धुवायचे कपडे हायेत, मावशी."

"गावाला काय साबण स्वस्त झाला? पेटी ठेवून जा."

"मावशी, गाडी सुटंल."

"सुटू दे. पेटीला कुठं शिमगा खेळायचाय."

कंडक्टर घंटी मारायचा, ती टपाच्या शिडीवर चढलेल्या पोराचा पाय धरून ठेवायची. पेटी खाली आली की ती डोक्यावर घेऊन आमच्या घरी. माळ्यावर पेट्या, पलंगाखाली पेट्या, मोरीच्या तोंडाशी पेट्या. शिमग्यात मी अंगाची मुटकुळी करून झोपायचो. परत आलेली पोरं पेट्या न्यायला यायची तेव्हा घरात पाय पसरता यायचे.

एका पोराची पेटी राहिली ती राहिलीच. त्याचं पुढं सांगायचं आहे.

आमचा मुलगा मॅट्रिक झाला. मार्क बरे होते. त्याला सायन्सला जायचं होतं, आणि मला त्याला घालायचं होतं. माझा पगार म्हणजे मीठ-मिरची. पण सरकारचे पैसे होते, बायको तर त्यातली पंडित. मी निर्धास्त होतो. तिघंही गेलो. तिनं चपला बाहेर काढल्या, जमिनीवर बसली. कारकुनानं मुलाचं नाव बघितलं, तिचं बघितलं आणि तंबाखू थुंकून आला.

"बाई, हा कोण?"

"माझा पोरगा."

"आणि आधीचे दोन?"

झालं होतं असं. आदल्या दोन वर्षांत नियम कडक झाले होते. मावशी-आत्या चालेना. आईच पाहिजे, नाहीतर बाप. तेव्हा तिनं दोन पोरांसाठी, एक बोरगावचा आणि एक हरसूलकडचा, सांगून टाकलं की मीच आई. आमच्या डोंगरात अर्ध्या तालुक्याचं आडनाव एक. त्या दोघांचं आणि आमचंही तेच. बापांची नावं वेगळी होती, पण घाईच्या दिवसात तिकडं कोण बघतो. कागदावर ती दोन पोरांची आई झाली. आणि नियम असा होता की एका आईच्या दोनच मुलांना पैसे. तिसऱ्याला नाही.

आमचा तिसरा ठरला.

कारकून आम्हाला आतल्या साहेबाकडं घेऊन गेला. साहेबानं तिन्ही कागद शेजारी ठेवले. तो म्हणाला, "बाई, तीन मुलं आणि तिघांचे बाप तीन. हे काय आहे?"

ती जमिनीवर बसलेलीच होती. म्हणाली, "एक मेला, एक सोडला, हा टिकला."

हापिसात हसायचं थांबेना. शिपाई दाराला टेकून हसत होता. मी तिचा पहिलाच नवरा, आणि शेवटचाही. तिथं उभ्या-उभ्या मी तिसरा झालो.

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "हे बघा, एवढं लिहून द्या की हे दोघं तुमचे नाहीत. तुमच्या मुलाचं आजच करून देतो."

"आन त्या दोघांचं?"

"त्यांचं बंद होईल. खोटी माहिती दिली म्हणून. घेतलेलं परतही भरावं लागेल."

"कुणी?"

"त्यांच्या आईबापांनी. दुसरं कोण भरणार?"

मी म्हणालो, "लिहून दे." जोरात म्हणालो, सगळ्यांनी ऐकलं. मुलगा तिच्या मागं उभा होता, नवीन शर्ट घातलेला. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. लय वेळ बघितलं. मग साहेबाला म्हणाली, "दोघंबी माझीच हायेत."

"नक्की?"

"मी आय हाय. मला इचारता?"

मी तोंड उघडलं असतं तर सगळं उलटलं असतं. पण मग तिनं खोटा अंगठा दिला हेही निघालं असतं आणि तिचं काम गेलं असतं, पोलीस आले असते. म्हणून मी गप्प राहिलो. ते प्रेम नव्हतं. घाबरलो होतो.

रस्त्यानं मुलगा पुढं, आम्ही मागं. ती म्हणाली, "आपल्या पोराला तू हायेस. त्यांना कोण हाय?"

मी म्हणालो, "पगार माझा आणि पोरं तुझी."

"आसं का व्हईना. चाल."

त्या पावसाळ्यात मी तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं फार वाटलं असं दिसलं नाही. ती पेट्यांशी बोलायची. "तू जरा सरक गं, चावीवाल्याला पाय पसरू दे."

मुलानं एक वर्ष कसंबसं काढलं. वह्या-पुस्तकं, प्रयोगाचं सामान, फी, मला झेपलं नाही. तो मनमाडला रेल्वेत खलाशी म्हणून, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखाली, लागला. काम चांगलं, पक्कं. पण त्याला ते करायचं नव्हतं. आणि ते दोघे? बोरगावचा मास्तर झाला, आश्रमशाळेत. दर दिवाळीला नागलीची पिशवी पाठवायचा. हरसूलकडचा त्याच साली शिमग्याला गेला. बस सुटताना तिनं त्याची पेटी काढून घेतली होती. पेटी आली, पोरगा आला नाही.

मी तिला दरवर्षी म्हणायचो, "विकून टाक. पत्र्याला भाव आहे."

"त्याची हाय ती."

"तो येणार नाही आता."

"मग ठेवून कशाला गेला?"

"त्यानं ठेवली नाही, तू हिसकावलीस."

"सोडली तर त्यानंच," ती म्हणायची, आणि फडकं घेऊन ती पेटी पुसायची.

मुलगा मनमाडहून सणाला यायचा. एकदा जेवताना म्हणाला, "आई, तुझ्या तिघांत नापास कोण, ते एकदा सांग." तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. म्हणाली, "आजून निकाल लागायचाय." तो हसला की नाही मी बघितलं नाही. पण पुढच्या वेळी येताना त्यानं तिला वहाणा आणल्या, चामड्याच्या. त्या घालून ती हापिसात जायची आणि बाहेर काढून ठेवायची. कुणीतरी चोरल्या. तिनं मुलाला सांगितलं, झिजल्या.

मी आजही म्हणतो, ती चुकली. त्या दिवशी लिहून द्यायला पाहिजे होतं. मी तिला हे तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, एकदा नाही, वेळोवेळी. तिचं उत्तर एकच, "तू मोजतोस म्हणून तुला कमी दिसतं." आणि माझ्या अंगठ्याबद्दल, म्हणजे सहीबद्दल, मला चौथीपर्यंत शिकल्यामुळं सही येते, तर माझ्या सहीबद्दल मी तिला बजावून ठेवलं होतं. माझं नाव कुठल्याही पोराच्या कागदावर जायचं नाही. ते तिनं पाळलं. कधी मागितली नाही.

ती गेली त्या रात्री शेजारच्यांनी मनमाडला निरोप पाठवला. मुलगा दुपारच्या गाडीनं येणार होता, डोंगरातली माणसंही दुपारपर्यंत. माती त्याच्यानंतर ठरली. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. पेठची पोर चुलीजवळ, दाखल्याची पिशवी मांडीवर घेऊन. रडत नव्हती. तिला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळं तिच्याशी कुणी बोललंही नव्हतं.

मी पहाटे उठलो, चाव्या फिरवायला उठायचो तसाच. रिटायर होऊनही ती सवय गेली नव्हती. उजाडल्यावर पोर माझ्याजवळ आली.

"बाबा, माझी पेटी काढून द्या. पहिल्या गाडीनं जाते मी."

मी वर बघितलं. हिरवी पेटी हरसूलवाल्याच्या पेटीला लागून होती. एकट्याला ती उतरवता आली नसती, हेही खरं आहे.

मी म्हणालो, "पेटी राहू दे. तोंड धू."

कालच्या भाकरी टोपलीत होत्या. मयताच्या घरातलं शिजलेलं खाऊ नये म्हणतात. मी त्यातल्या काढून फडक्यात बांधल्या. शेजारची ताई दारात आडवी आली.

"अहो, कुठं निघालात? माणसं येतील आता."

"अकरापर्यंत येतो."

"आणि वहिनींना असंच टाकून?"

"ती कुठं चालली आहे आता," मी म्हणालो.

दहाला आम्ही दारात होतो. पोरीला एक भाकरी दिली, एक मी खाल्ली. हापीस उघडल्यावर मी चपला बाहेर काढल्या, आत गेलो आणि टेबलासमोर जमिनीवर बसलो. गुडघे वाकत नव्हते, पोरीनं धरून बसवलं. जुना कारकून कधीच गेला होता. हा नवा, तरुण, पँटीला इस्त्री.

"बाबा, बाकडं आहे ना."

"बरं आहे इथं."

"आईवडील कुठे हिचे?"

"आवणीत. हिच्या कागदावर पालक म्हणून माझी सही घ्या. आता चालतं म्हणे."

त्यानं कागद पुढं केला. मी सही केली. त्यानं विचारलं, "मुलगी राहणार कुठे? हॉस्टेलची यादी दिवाळीनंतर लागेल."

"माझ्याकडं."

तो थांबला. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाईट अर्थानं नाही, त्याचं कामच होतं ते.

"घरात बाईमाणूस आहे ना कुणी?"

पोरीनं खाली मान घातली.

मी म्हणालो, "आहे. घरीच आहे."

त्यानं तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. मनमाडची गाडी यायला अजून अवकाश होता.